बहुतेक

त्या लाँड्रीत पावती मिळत नसे. नवीन राहायला आलेलं कुणी कपड्यांचं गाठोडं काउंटरवर ठेवी, हात पुढे करून उभं राही, आणि बाकावर टेकलेलं कुणीतरी म्हणे, "पावती हवी? ती काय समोर उभी आहे, चष्मा लावून."

समोर वहिनी उभी असे. गल्लीतली लहानथोर सगळी तिला वहिनीच म्हणत, आणि पाठीमागे ‘बिनपावती’. हे दुसरं नाव तिला पहिल्यापेक्षा जास्त आवडायचं, पण तोंडावर कुणी म्हटलं तर ती रागावल्यासारखं करी. इतर लाँड्र्यांमध्ये कॉलरच्या आत चिंधी टाचून तिच्यावर आकडे घालत. वहिनीला ते भल्या माणसाच्या गळ्यात पाटी अडकवल्यासारखं वाटे. ती कपडा हातात घेई, कॉलरवरून अंगठा फिरवी, मग कफ, मग खालची शिवण. झालं. तो कपडा कायमचा तिचा.

"तुमचा राखाडी शर्ट ना? डाव्या कफाचं बटण नवं, बाकीची जुनी. खिशात बसचं तिकीट होतं, ते डब्यात काढून ठेवलंय."

माणूस चाट पडे. काही जण मुद्दाम परीक्षा बघायला यायचे, दांडीवरच्या भलत्याच पॅंटकडे बोट दाखवून "ती माझी" म्हणायचे. वहिनी पॅंटकडे न बघता त्यांच्या पोटाकडे बघून म्हणे, "तुमची? वर्षभर उपास करा, मग न्या."

तिचं एक म्हणणं होतं, आणि ते ती इस्त्री फिरवता फिरवता ऐकवायची. माणूस म्हणजे हँगर. आज जाड, उद्या बारीक. कपडा मात्र खोटं बोलत नाही. कोपराशी विरला असेल तर विरलाच. त्यामुळे काउंटरवर कुणी आलं की तिची नजर खाली असे, हातातल्या कपड्यावर. चेहऱ्याकडे ती सगळ्यात शेवटी बघे, ओझरतं, लिफाफ्यावरचं तिकीट बघावं तसं. कपड्यांची आपली आठवण आणि माणसांची आपली आठवण एकाच मापाची नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कौतुक करणारे कौतुक करत होते आणि ते कौतुक तिने दोन्ही खात्यांवर जमा करून टाकलं होतं.

मागच्या खोलीत धुण्याची यंत्रं होती आणि यंत्रांमागे तिचा नवरा. त्या घरघरीत राहून राहून त्याला ऐकू कमी येऊ लागलं होतं. बायकोचं बोलणं टाळायला केलेली ही सोय आहे, असं त्याची बहीण म्हणायची. ही बहीण, म्हणजे वहिनीची नणंद, त्यांच्याकडेच राहायची. संध्याकाळी दारालगतच्या बाकावर बसून तुटलेली बटणं लावून द्यायची. वयाने दोघी बरोबरीच्या, पण लग्न होऊन आल्या दिवशी सासूने "वन्सं म्हणायचं" असं बजावलं होतं, ते वहिनीने आधी भीतीने, मग गमतीने आणि पुढे सवयीने चालू ठेवलं. नणंदेच्या जिभेला सुईपेक्षा धार होती. लग्न जमलं नव्हतं. तेही ती सुईत दोरा ओवावा तितक्या सहज बोलून दाखवायची: "मापाचं गिऱ्हाईकच येत नाही, वहिनी. मी तयार कपडा, आणि सगळ्यांना शिवून हवाय."

एक गिऱ्हाईक मात्र रोज यायचं. कोपऱ्यावरच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा एक शिडशिडीत माणूस. त्याला सगळे जुळारी म्हणत. नखांत शाई बसलेली, ती कधी जायची नाही. येताना एकच शर्ट आणायचा, नेताना एकच न्यायचा, आणि मधला वेळ बाकाच्या टोकाला बसून राहायचा.

"याच्याकडे शर्ट आहेत तरी किती?" एकदा नवऱ्याने विचारलं.

"दोन," वहिनी म्हणाली. "एक अंगावर, एक आपल्याकडे."

त्या दोन्ही शर्टांचा धागा न् धागा तिला पाठ होता. दोन शर्टांचा माणूस रोज लाँड्रीत कशाला येतो, हे मात्र तिच्या कधी मनात आलं नाही. तो यायचा, इतकंच. दार, दांडी, बाक, आणि बाकाच्या टोकाला तो.

*

शाळेच्या बाईंचे यजमान ज्या दिवशी कोट घेऊन आले, तो दिवसही तिला लख्ख आठवायचा, कारण कोट चांगला होता. तपकिरी लोकरीचा, जड, खांद्यांवर नीट बसवलेला. आतल्या खिशापाशी अस्तर फाटलं होतं. वहिनीकडे तपकिरी दोरा संपला होता. तिने गडद हिरवा दाखवला.

"चालेल की," ते म्हणाले. "आतलं कोण बघतंय?"

कोट धुऊन, टाके घालून दांडीवर लागला आणि कोटाचा मालक इस्पितळात गेला. तिथून तो परत आला नाही. पुढे बरेच दिवसांनी बाई लाँड्रीत आल्या. काउंटरच्या कडेला दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

"त्यांचा कोट होता तुमच्याकडे. द्याल का? त्यांचा वास तर तुम्ही धुऊनच टाकला असेल. तरी द्या."

वहिनी वळली. दांडीवर कोट नव्हता. मागच्या दांडीवर नव्हता, कपाटात नव्हता, यंत्रांच्या खोलीत नव्हता. नवऱ्याला ओरडून विचारलं, त्याने ओरडूनच नाही म्हटलं. बाई तशाच उभ्या. पलीकडे बाकावर नणंद, तिच्या मांडीवर कुणाचा तरी शर्ट, सुई हवेत थांबलेली.

"कुणीतरी नेलाय," वहिनी म्हणाली. "मीच दिलाय. या हातांनी दिलाय."

"कुणाला?"

वहिनीने डोळे मिटले. कोट दिसला. कोटाचं वजन आठवलं, हँगरवरून उतरवताना अस्तराची सळसळ आठवली. काउंटरच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं. घाईत होतं. तिने त्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत जायचा प्रयत्न केला, आणि तिथे एक चेहरा येऊन थांबला. ओळखीचा. इतका ओळखीचा, की तोच असणार.

"छापखान्यातला जुळारी," ती म्हणाली. "बहुतेक."

बाई पायरीवर जाऊन बसल्या आणि त्यांना पाणी दिलं तेव्हा पेला नुसता धरून राहिल्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वहिनीला वाटलं, आपण यांना निदान एवढं तरी पक्कं द्यायला हवं.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय म्हणालीस तू? जुळारी?"

"हो. तोच."

"पक्कं?"

"माझी आठवण कधी चुकलीय?"

खरंच, कधी चुकली नव्हती. नवरा मान हलवून यंत्रांकडे गेला. ‘बहुतेक’ हा शब्द त्या दोन वाक्यांच्या मध्ये कुठे पडला, कुणी पाहिलं नाही. शिवताना टाचणी पडते तसा पडला. पडल्याचा आवाज येत नाही. पुढे कधीतरी पायाला लागते तेव्हा कळतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानदाराने विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की कोट घेताना जुळारी नजर चुकवत होता. तिसऱ्या कुणाला सांगताना त्याच्या नखातली शाई आली; कोटाला लागेल म्हणून ती "हात पूस" म्हणाली होती, तेही आलं. सांगताना ती खोटं बोलत नव्हती. प्रत्येक वेळी डोळे मिटले की चित्र आधीपेक्षा स्वच्छ दिसायचं, पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवल्यावर घडी कडक होते तसं. स्वच्छ दिसतंय म्हणजे खरं आहे, असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

जुळारी आला. त्या दिवशी त्याच्या हातात शर्ट नव्हता.

"वहिनी, मी कोट नेला असं म्हणताय?"

"नेलास ते म्हणतेय."

"माझ्याकडे बघा तरी. त्या कोटात माझ्यासारखे दोन मावतील. मी काय करू नेऊन?"

बाकावर दोघे-तिघे होते. ते हसले. कुणाला हसले देव जाणे, पण वहिनीला वाटलं आपल्याला हसले. ती इस्त्री आपटून म्हणाली, "घालायला मापं लागतात. विकायला लागत नाहीत."

तो थोडा वेळ उभा राहिला. वहिनीकडे बघत नव्हता. बाकाकडे बघत होता, जिथे नणंद खाली मान घालून एकाच बटणातून दोरा पुन्हा पुन्हा ओढत होती. मग तो गेला.

पोलीस आले नाहीत, तक्रार झाली नाही. बाईंनी नको म्हटलं. पण गल्लीला तक्रार लागत नाही. पानवाला त्याला आधी पैसे मागू लागला. ज्या घरात तो भाड्याने राहायचा, तिथल्या म्हातारीने वाळत घातलेले कपडे आत घ्यायला सुरुवात केली. छापखान्याच्या मालकाने खूप गोड बोलून सांगितलं, की माझा विश्वास आहे रे, पण लोक विचारतात. एक दिवस त्याची खोली रिकामी दिसली. त्याचा एक शर्ट लाँड्रीत राहिला होता. पांढरा, बारीक निळ्या रेघांचा. वहिनीने तो धुऊन, घडी करून कपाटात टाकला आणि म्हणाली, "बघा. चोराच्या मनात चांदणं. शर्टही न्यायला आला नाही."

नणंदेने तेव्हा दाताने दोरा तोडला.

*

त्यानंतर पुष्कळ काळ गेला. छापखान्यातले खिळे भंगारात गेले, तिथे मोबाइलचं दुकान झालं. बिनपावतीची कीर्ती तशीच राहिली. उलट कोटाच्या गोष्टीने ती वाढली: वहिनीने चोर कसा बरोबर ओळखला. ती गोष्ट आता तिला इतकी पाठ झाली होती, की सांगताना इस्त्री थांबत नसे.

नणंदेच्या डोक्यात मात्र त्या वयात कॉलेजचं वेड शिरलं. संध्याकाळच्या वर्गात जाऊन पदवी घ्यायची. नवरा म्हणाला, "आता? या वयात शिकून काय होणार?" ती म्हणाली, "या वयात न शिकून काय झालं?" आणि नाव घातलं. मानसशास्त्र घेतलं. वर्गात तीच सगळ्यांत मोठी. प्राध्यापकालाच पोरं तिचा धाकटा भाऊ म्हणायची. अभ्यास ती बाकावर बसून मोठ्याने करी, कारण मनात वाचलं तर झोप येते, असं तिचं म्हणणं.

एका दुपारी स्मृतीचं प्रकरण चाललं होतं.

"ऐक गं वहिनी. ‘आठवणे म्हणजे साठवलेली वस्तू जशीच्या तशी बाहेर काढणे नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना माणूस ती घटना नव्याने रचतो. जे तुकडे हरवलेले असतात, ते तो अंदाजाने भरतो, आणि आपण ते भरले हे त्याला कळत नाही.’"

"म्हणजे रफू," वहिनी म्हणाली. "चांगलं रफू कळूच नये."

"ते बघणाऱ्याला. इथे करणाऱ्यालाच कळत नाही म्हणतात."

"मग तो कसला कारागीर?"

नणंद हसली नाही. पुढे वाचू लागली, जरा सावकाश. "‘साक्षीदार ठाम आहे म्हणून त्याची आठवण खरी असेल असे नाही. एखादा चेहरा ओळखीचा असतो, पण तो नेमका कुठे पाहिला हे माणूस विसरतो. मग तो चेहरा भलत्याच प्रसंगाला जोडला जातो. पुढे तीच हकिगत वारंवार सांगितल्याने खात्री वाढते. अचूकता वाढतेच असे नाही.’"

"काहीतरीच. पुस्तकवाल्याला माझ्याकडे पाठव. तो जुळारी अजून माझ्या डोळ्यांसमोर उभा आहे. कोट डाव्या हातावर घेतला, मी म्हटलं हात पूस, त्याने..."

"वहिनी," नणंद म्हणाली, "त्या दिवशी तू ‘बहुतेक’ म्हणाली होतीस."

इस्त्री थांबली.

"मी? कधी?"

"बाई समोर उभ्या होत्या तेव्हा. ‘जुळारी. बहुतेक.’ असं. आणि हात पूस वगैरे काही नव्हतं. ते तू नंतर सांगायला लागलीस."

"वन्सं, तोंड सांभाळा. बहुतेक म्हणेन मी? मी?"

"म्हणालीस."

"आणि तुम्हाला बरं आठवतं? तुमची आठवण तेवढी साठवलेली, आमची काय रचलेली?"

नणंदेने पुस्तक मिटलं. पुस्तकाचंच खरं मानलं तर तिलाही खात्री बाळगायचा हक्क नव्हता. त्यानंतर कितीतरी दिवस दोघींत मिठाच्या डब्यापुरतं बोलणं चाललं. नवऱ्याला ऐकू येत नव्हतं तरी शांतता कळली. "काय झालंय?" त्याने विचारलं. "काही नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

आणि मग शाळेच्या बाई आल्या. आता काठी टेकत चालायच्या. हातात कापडी पिशवी होती. त्यांनी ती काउंटरवर ठेवली, आतून काहीतरी जड, तपकिरी बाहेर काढलं आणि उलगडून अस्तर वर केलं.

आतल्या खिशापाशी गडद हिरवे टाके होते.

"हे टाके तुमचेच ना?" बाईंनी विचारलं.

वहिनीने अंगठा फिरवला. गरज नव्हती. आपलं अक्षर ओळखावं तसे ते तिने दुरूनच ओळखले होते.

बाईंच्या दिराचं निधन झालं होतं. दोन्ही घरांत कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं; घराच्या वाटणीवरून तुटलं होतं. आता सगळं संपलं म्हणून बाई गेल्या. जावेबरोबर कपाट आवरायला बसल्या तर आत हा कोट. जाऊ सहज म्हणाली, यांनी भावाला इस्पितळात गुपचूप भेटून येताना लाँड्रीतून आणला होता. भावानेच सांगितलं म्हणे, थंडीत पातळ सदऱ्यावर आलायस, माझा कोट तिथे पडलाय, घेऊन जा.

"मला काय ठाऊक?" बाई म्हणाल्या. "त्या घराकडे मी बघत नव्हते. विचारणार कुणाला? आणि तुम्ही इतकं नक्की सांगितलं होतं."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मी त्या पोराला रस्त्यात पाहून तोंड फिरवलं होतं," त्या म्हणाल्या. "एकदा. तो काहीतरी सांगायला येत होता."

बाई गेल्यावर वहिनी दांडीखाली जमिनीवर बसली. तिने डोळे मिटले आणि त्या दिवशीचा दीर शोधू लागली. जाड असणार, कोट त्याला झाला म्हणजे भावाच्याच अंगाचा असणार. पातळ सदरा, थंडी, घाई. सगळं जुळत होतं, पण तिथे कुणी येत नव्हतं. जितक्या वेळा ती काउंटरपलीकडे बघे, तितक्या वेळा तिथे जुळारीच उभा असे. डाव्या हातावर कोट घेतलेला. नखांत शाई. तो तिथे नव्हता हे तिला आता माहीत होतं, आणि तो तिथे होता हे तिला आठवत होतं. माहीत असण्याने आठवणीचा एक टाकाही उसवत नव्हता.

"पुसलं कसं जात नाही?" ती म्हणाली. नणंद शेजारी येऊन बसली होती. "वन्सं, तुमच्या पुस्तकात पुसायचं काही आहे का?"

"नाही."

"खालचं काहीतरी असेल ना? आधीचं? वरचं काढलं तर दिसेल असं?"

"मूळ कापडच राहत नाही म्हणतात, वहिनी. कधी कधी."

वहिनी रडली नाही. तिला एक वेगळीच गोष्ट सुचली आणि ती सुचल्यावर तिचा चेहरा उतरला. "पण तोच का आला माझ्या डोळ्यांसमोर? इतकी माणसं येतात. तोच का?"

नणंद हातातल्या बटणाशी खेळत राहिली. "कारण तो रोज इथे असायचा," शेवटी ती म्हणाली.

"का असायचा रोज?"

नणंदेने वर पाहिलं. त्या बघण्यात सगळं होतं: दोन शर्ट, बाकाचं टोक, मापाचं गिऱ्हाईक. वहिनीने तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही बोलला का नाहीत? तेव्हाच? मी बहुतेक म्हटलं, तुम्ही ऐकलं, मग..."

"तुझी आठवण कधी चुकली नव्हती ना," नणंद म्हणाली. "मला वाटलं, माझंच मन त्याची बाजू घेतंय. मी गप्प बसले. तो बघत होता, तरी गप्प बसले."

*

पत्ता शोधायला वेळ लागला नाही. गल्लीला सगळं ठाऊक असतं. विचारलं मात्र कुणी नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामात तो औषधांच्या बाटल्यांवरच्या पट्ट्या छापायचा. वहिनी एकटी गेली. नणंद म्हणाली होती, "मी येत नाही. तू जा."

यंत्र मोठं होतं, आवाज ओळखीचा. तो केस पिकलेला माणूस वळला आणि लगेच म्हणाला, "वहिनी?" त्याने यंत्र बंद केलं, चिंधीने हात पुसले, कागदाच्या गठ्ठ्यावर तिला बसायला जागा करून दिली.

तिने आल्या आल्या सांगून टाकलं. कोट सापडला. बाईंच्या दिराने नेला होता. तू नेला नव्हतास. मी चुकले. सगळ्या गल्लीत सांगितलंय, बाईंनीही सांगितलंय.

तो ऐकत होता. सुटल्यासारखा वगैरे दिसला नाही. उलट त्याच्या कपाळावर एक आठी आली, हिशेब लागत नसल्यासारखी.

"दिराने," तो म्हणाला.

"हो."

"नक्की?"

"कोटच आला ना परत. माझे हिरवे टाके होते आत."

"हिरवे," तो म्हणाला. मग बराच वेळ पुसून झालेलेच हात पुसत राहिला. "एक सांगू का वहिनी? हसू नका. सुरुवातीला मला माहीत होतं, मी नेला नाही. शपथेवर माहीत होतं. मग सगळे विचारायचे, कसा नेलास, कुठे विकलास. मी नाही नाही म्हणत मनात बघायचो, की समजा नेला असता तर कसा नेला असता. रोज बघायचो. आणि आता... मला आठवतं. कोट हातावर घेतल्याचं आठवतं. जड होता. तुम्ही म्हणालात, हात पूस."

वहिनी गठ्ठ्याची कड धरून बसली.

"मला वाटायला लागलं होतं, मी नेला असणार आणि विसरलो असणार," तो म्हणाला. "मग तुम्ही म्हणता तसं असेल, तर हे जे मला आठवतं ते कुणाचं आहे?"

"माझं आहे," ती म्हणाली. "ते माझं आहे रे. मी दिलं तुला."

तो जरासा हसला, पूर्वीसारखा, ओठांच्या एका कडेने. "परत घेता येतं का?"

येत नव्हतं. बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. मग त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली, आज बायको कामावर आहे. उठताना, यंत्रावर कापड टाकता टाकता, वहिनीकडे न बघता त्याने विचारलं, "त्या दिवशी... तुम्ही माझं नाव घेतलंत तेव्हा, बाकावरून कुणी काही म्हणालं होतं का? माझ्या बाजूने?"

वहिनीने तोंड उघडलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत एक आठवण तयार होऊ लागली: नणंद बाकावरून उठते आहे, मांडीवरचा शर्ट खाली पडतो आहे, ती म्हणते आहे, तो तसा नाही वहिनी. किती सुबक होती ती. कुठे शिवण दिसत नव्हती. एक वाक्य बोललं असतं, तर या माणसाला जन्मभर पुरलं असतं, आणि काही दिवसांनी तिला स्वतःलाही ते खरंच घडलेलं दिसलं असतं. ते खरं नाही, हे तिला नणंदेच्याच तोंडून कळलेलं होतं. स्वतःला त्या बाकावरचं काहीच दिसत नव्हतं. तिथे तिने तेव्हा पाहिलंच नव्हतं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. त्याने मान डोलावली.

"वन्संना विचार," ती घाईने म्हणाली. "आहेत अजून तिथेच. कॉलेजात जातात आता."

"कॉलेजात?" तो पुन्हा हसला. "जाईल ती." पण विचारायला येईन, असं काही तो म्हणाला नाही.

परतीच्या बसमध्ये वहिनी त्याची वाक्यं मनात घोळवू लागली, शब्द इकडचे तिकडे होऊ नयेत म्हणून. एकदा घोळवली. दुसऱ्यांदा घोळवताना एका वाक्याला थोडी चकाकी आल्यासारखी वाटली. ती दचकली आणि थांबली. मग खिडकीबाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसली, मुलासारखी, एकेक अक्षर, दुसरं काही डोक्यात येऊ नये म्हणून.

लाँड्रीत नणंद बाकावर होती. मांडीवर पांढरा शर्ट होता, बारीक निळ्या रेघांचा. कपाटातून तिनेच काढला असणार. पुस्तक बाजूला, मिटलेलं.

"भेटला?"

"भेटला." वहिनी तिच्या शेजारी बसली. "वन्सं, मी एकदाच सांगते. नीट ऐका. पुन्हा मला सांगायला लावू नका. मी सांगत गेले की ते बदलतं."

आणि तिने सांगितलं. जिथे शब्द नक्की होता तिथे नक्की सांगितला, जिथे नव्हता तिथे थांबून ‘बहुतेक’ म्हटलं. हात पुसल्याचं सांगितलं. ‘हे कुणाचं आहे’ हे सांगितलं. बायको, शाळेतली मुलगी, तेही गाळलं नाही.

"बरं झालं," नणंद म्हणाली.

शेवटी बाकावरचा प्रश्न सांगितला.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला आठवत नाही."

नणंद शर्टाची कॉलर सरळ करत राहिली. सरळच होती ती. मग तिने विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "अंगावर शर्ट कोणता होता त्याच्या?"

वहिनीने आठवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. कॉलर नाही, कफ नाही, रंगसुद्धा नाही. ती चकित झाली.

"शर्ट नाही बघितला मी," ती म्हणाली. "सगळा वेळ चेहऱ्याकडेच बघत होते."

"मग चेहरा सांग."

वहिनीने डोळे मिटले नाहीत. समोरच्या दाराकडे बघत, कपडा हातात घेतल्यासारखा, ती एका कडेने हळूहळू सांगू लागली. केस पिकलेत, कानांच्या वर जास्त. कपाळावर आता आडवी एक आठी आहे, ती पूर्वी नव्हती. बहुतेक नव्हती. नणंद ऐकत होती, आणि तिच्या हातातला दोरा सुईच्या नेढ्यापाशी येऊन तसाच थांबला होता.